डॉगरिज खुंटावरच्या थॉमसनची साखर दरवर्षी का अडते?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. व्यापाऱ्याचा माणूस बांधावर गाडी लावून आला, तीन-चार ओळींतून घडाच्या शेंड्याचे मणी तोडले, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळले, उजेडाकडे धरून डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "भाऊ, साडेपंधरा. आठ दिवसांनी बघू." आठ दिवसांनी सोळा. त्याच दिवशी माझ्याच वरच्या माळावरच्या प्लॉटला अठरा भरली आणि माल उचलला गेला. वाण दोन्हीकडे थॉमसन, छाटणीत चार दिवसांचं अंतर, फवारणी एकाच टाकीतली. खुंटही, म्हणजे थॉमसनचं कलम ज्या वेलीच्या मुळांवर भरतात तोही तोच, डॉगरिज. निफाड तालुक्यातल्या आमच्या खालच्या काळ्या रानात हे सलग तीन हंगाम झालं. त्या तीन वर्षांत काय काय करून बघितलं, कुठे चुकलो आणि दुखणं शेवटी कुठे सापडलं, ते इथे लिहितोय. सारखीच तक्रार असलेले बरेच जण भेटतात आणि प्रत्येक जण जानेवारीत धावपळ करत असतो.

आधी लक्षणं नीट सांगतो, म्हणजे तुमची बाग हीच आहे का ते कळेल. मणी फुगतो, १६–१७ मिमी होतो, पण दाताखाली कुरकुरत नाही. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ व्हायला लागल्यावर, सुरुवातीचे पंधरा दिवस साखर बरी चढते, मग पंधरा-सोळाला येऊन बसते. काढणीच्या आधी जुन्या पानांच्या कडा करपतात, काही पानं काळपट पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर फूट जोमदार निघते, पण घड जिरतात. बघता बघता निम्म्यांची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, होते. हे शेवटचं लक्षण मी दोन वर्षं वेगळा आजार समजून चाललो होतो.

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे सगळे करतात. पोटॅशच्या फवारण्या वाढवल्या. दुकानातून साखर वाढवणाऱ्या दोन बाटल्या आणल्या, एकीवर मधमाशीचं चित्र होतं, दुसरीवर घोड्याचं. पाणी तोडलं. पाणी तोडल्यावर साखर अर्धा पॉइंट वाढली खरी, पण मणी लुळे पडले, देठ सुकायला लागले आणि पेटीत भरलेला माल तिसऱ्या दिवशी झडला. वजन गेलं ते वेगळं.

दुसऱ्या वर्षी घड मोजले. खरं तर हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. आपल्याकडे दीड चौरस फुटाला एक घड हा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ आहे, पाळतं कोण हा प्रश्न आहे. माझी लागवड ९ × ५ फूट, म्हणजे वेलीला ४५ चौरस फूट, म्हणजे ३० घड. प्रत्यक्षात खाली सरासरी ४२ निघाले. वर ३८. घड जिरतात म्हणून भीतीपोटी विरळणीत हात आखडता घेतला होता, म्हणजे जे वाचले ते सगळे ठेवले. काही वेलींवर २० आणि काहींवर ५५ अशी गत. तिसऱ्या वर्षी वेलवार ३०वर आणलं. साखर सोळावरून साडेसोळाच्या पुढे गेली, पण वरच्या प्लॉटला गाठलं नाही. तेव्हा तुमची साखर अडत असेल तर खुंटाला शिव्या देण्याआधी घड मोजा. वीस वेली, मधल्या ओळींतल्या, कागदावर. घडापुढे बारा-पंधरा निरोगी पानं आहेत का तेही त्याच फेरीत बघा. माझी अर्धा-पाऊण पॉइंट साखर याच कारणाने अडली होती.

थंडीचाही भाग होता. निफाडची थंडी पेपरात येते तशीच असते, आणि नदीकडच्या खोलगट रानात ती जास्त बसते. पारा खाली गेला की मुळांचं काम मंदावतं आणि वेल अडून राहते. पण थंडी ओसरल्यावर वेलीने भरपाई करायला हवी होती, ती होत नव्हती.

दुखण्याचा माग लागला तो विरळणीला येणाऱ्या एका मावशींमुळे. त्या सहज म्हणाल्या, "दादा, विहिरीकडच्या त्या सहा-सात झाडांचे मणी आधी गोड होतात. पोरं तिथलेच खातात. पाखरंपण तिथंच." मी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो. शेजारच्या वेली सोळा, या साडेसतरा. त्याच ओळीत, त्याच ठिबकवर. मग खुरप्याने बुंध्याशी माती उकरली. दरवर्षी बेडवर माती आणि शेणखत चढवत चढवत त्या टोकाला वरंबा एवढा उंच झाला होता की कलमाचा जोड वीतभर खाली गाडला गेला होता. आणि जोडाच्या वरून, म्हणजे थॉमसनच्या खोडातूनच, बोटाएवढ्या जाड मुळ्या फुटून रानात गेल्या होत्या. खालच्या खुंटाच्या मुळ्या त्यांच्यापुढे किरकोळ वाटाव्यात अशा. त्या सहा-सात वेली आता डॉगरिजवर राहिल्याच नव्हत्या, स्वतःच्या मुळांवर जगत होत्या.

म्हणजे हवा, पाणी, फवारणी, वाण सगळं एक असताना फरक फक्त मुळांचा होता. सहा-सात वेलींवरून कायदा मांडता येत नाही हे मलाही कळतं, पण कुठे शोधायचं ते मात्र कळलं.

इथे एक सावधगिरी. हे वाचून कोणी जोड मातीत गाडायला जाऊ नये. स्वतःच्या मुळांवरची थॉमसन सूत्रकृमीला, खाऱ्या पाण्याला आणि ताणाला लवकर बळी पडते, आणि आपण खुंटाचे पैसे त्यासाठीच मोजलेत. माझ्या त्या वेलींपैकी दोन पुढच्या मे महिन्यात, विहिरीचं पाणी खारट झाल्यावर, आधी मान टाकणाऱ्यांत होत्या.

मग डॉगरिज करतो तरी काय? थोडा मागचा इतिहास लागतो. डॉगरिज ही चॅम्पिनाय गटातली रानटी वेल, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बेल परगण्यात सापडलेली. टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने तिला नाव मिळवून दिलं. फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या तेव्हा अमेरिकन खुंट पाठवायला मदत करणारा हाच माणूस, फ्रान्सने त्याला १८८८ साली त्यासाठी सन्मान दिला. युरोपात खुंट आला तो किडीपायी. आपल्याकडे त्या किडीचा प्रश्न नव्हता. दुष्काळ, विहिरींचं खारं पाणी आणि सूत्रकृमी यांनी स्वतःच्या मुळांवरच्या बागा बसायला लागल्या, तेव्हा डॉगरिज आला आणि महाराष्ट्रभर पसरला. त्याने बागा वाचवल्या, हे कबूल करायलाच हवं. माळावरचा माझा प्लॉट मुरमाड आहे, पाणी तुटपुंजं आहे, तिथे डॉगरिजसारखा मित्र नाही.

पण ज्या जोरामुळे तो माळावर तगतो, तोच जोर काळ्या भारी रानात अंगावर येतो. हा अतिशय जोमाने वाढणारा खुंट आहे. भारी जमीन, भरपूर शेणखत, ठिबकचं पाणी आणि वरून आपला युरियाचा मोकळा हात असं मिळालं की एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावर वेल मागे कापतात ती) वेल जंगलासारखी सुटते. काडी अंगठ्याएवढी जाड, पेरांतलं अंतर लांब, आणि मांडवाखाली दुपारी बारा वाजता काळोख. द्राक्षाचा घड काही ऑक्टोबरात तयार होत नाही, तो खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ-सत्तर दिवसांत डोळ्यात ठरतो. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडलं नाही आणि वेलीचं सगळं अन्न शेंडा पळवण्यात गेलं, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी बनते. ऑक्टोबरात आपण म्हणतो घड जिरला. तो मे-जूनमध्येच जिरलेला असतो.

हाच जोर काढणीपर्यंत पिच्छा सोडत नाही. पाणी उतरल्यावरही शेंडे चालू राहिले की साखर मण्यात न जाता फुटीत जाते. सावलीतल्या पानाची साखर बनवण्याची ताकद कमी. सावलीतल्या घडात आंबटपणा जास्त, मणी पाणीदार. रंगीत वाण असेल तर रंग सारखा भरत नाही. खुंट स्वतः मण्यात काही ओतत नाही, तो वेलीचा स्वभाव बदलतो आणि मणी त्या स्वभावाचा परिणाम भोगतो.

सफरचंदात हे आणखी उघड दिसतं. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या केंद्रातून आलेला एम ९ हा खुंट झाड बुटकं ठेवतो. झाड लहान म्हणून आत ऊन, ऊन म्हणून रंग, शिवाय फळ लवकर आणि आकाराने चांगलं. हिमाचल-काश्मीरमध्ये दाट लागवडीच्या बागा अशाच खुंटांवर उभ्या राहतात, तारेचा आधार देऊन, कारण त्याच्या मुळांना झाड पेलवत नाही. द्राक्षात तेवढा बुटका करणारा खुंट आपल्या हातात नाही, त्यामुळे जे काम तिथे खुंट करतो ते इथे आपल्याला कात्रीने करावं लागतं.

दुसरी वाट मिठाची. माझ्या बाबतीत ती जोरापेक्षा वाईट निघाली. खालच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासलं तर ईसी, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं माप, १.६. द्राक्षाला पाण्याचा ईसी १.० पर्यंत निर्धास्त, त्यापुढे उत्पादनाला टाच लागायला सुरुवात होते. वरच्या प्लॉटला कालव्याचं पाणी मिळतं, ते गोडं. आता सगळे म्हणतात डॉगरिज खाऱ्या पाण्याला चालतो. चालतो म्हणजे मरत नाही. मीठ सहन करणं वेगळं आणि मीठ मुळाशीच अडवणं वेगळं. डॉगरिजवरच्या जुन्या बागांत पानांत सोडियम साठतो, पालाश, म्हणजे पोटॅश, मागे पडतो, आणि पालाश हा तर पानातली साखर मण्यापर्यंत वाहून नेण्याच्या कामातला मोठा गडी. पानांच्या करपलेल्या कडा आणि अडलेली साखर या दोन तक्रारी माझ्या रानात एकाच दुखण्याच्या निघाल्या. वरून पोटॅश फवारून का भागलं नाही, त्याचंही उत्तर यात आहे. मुळाशी सोडियम त्याची जागा अडवून बसला होता.

हे अंदाजाने बोलत नाही, देठ परीक्षण केलं. दोन्ही प्लॉटचे नमुने वेगळे. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ दिले. खाली सोडियम ०.६२ टक्के, पालाश १.१. वर सोडियम ०.२८, पालाश १.९. थॉमसनच्या देठात फुलोऱ्यात पालाश दीड टक्क्याच्या वर हवा आणि सोडियम अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेला की धोक्याची घंटा समजायची. फुलोऱ्याचा अहवाल हातात येईपर्यंत त्या हंगामात करण्यासारखं थोडंच उरतं, म्हणून आता मी खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी, काडीवरच्या पाचव्या पानाचेही देठ देतो. दोन प्लॉटचे देठ एकाच पिशवीत टाकून "सरासरी" काढणारे लोक बघितलेत. त्या अहवालाचा उपयोग वही भरण्यापुरता.

आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. आपला खुंट खरंच डॉगरिज आहे का? लागवडीच्या वेळी काड्या कुठून आल्या, कोणी मिसळल्या, कोणाला ठाऊक. जोडाखालून फुटवा आला तर तो लगेच न मोडता दोन-चार पानं होऊ द्या आणि बघा. डॉगरिजच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी कापसासारखी लव असते. ११०आर हा दुसरा खुंट असेल तर पान चकचकीत, लव जवळपास नाही. एका पाहुण्यांच्या बागेत एकाच ओळीत दोन्ही निघाले, आणि ते चार वर्षं ठिबकचे ड्रिपर बदलत होते.

आता इलाज. उभी बाग असेल तर खुंट बदलता येत नाही, हे आधी मान्य करायचं. एक गैरसमज फार पसरलाय, की जुन्या खोडावर नवा वाण चढवला की प्रश्न मिटेल. वरचं डोकं बदलतं, पाय तेच राहतात. आमच्या शिवारात एकाने थॉमसन कापून रंगीत वाणाचं कलम केलं. दोन वर्षं खूश होता. तिसऱ्या वर्षी अर्धा घड काळा आणि अर्धा लालसर हिरवा. जोर तोच, सावली तीच.

जोर कमी करायचा तो एप्रिल ते जुलैमध्ये. माझ्या खालच्या प्लॉटला मी खरड छाटणीनंतरचं नत्र जवळजवळ बंद केलं, शेणखत एक वर्षाआड केलं. काडी सातव्या पानावर खुडून बगलेतून दुसरी काडी, म्हणजे सबकेन, करतो, आणि खुडायचं म्हणजे सात पानं झाल्या दिवशी. दहा झाल्यावर मागे येऊन कापणं म्हणजे वेलीला आणखी चेव आणणं. काड्या मोजून ठेवतो. डोळे घडवायच्या त्या दिवसांत पाणी हात राखून, पण खाऱ्या पाण्याच्या रानात फार ताणही देता येत नाही, कारण माती सुकली की मीठ मुळाशी घट्ट होतं. हा दोरीवरचा खेळ आहे, आणि दर आठवड्याला मुठीत माती दाबून बघण्याला पर्याय मला सापडलेला नाही. जुलैअखेर काडी आठ ते दहा मिमी जाडीची, गोल आणि तपकिरी झाली की समजायचं जमलं. चपटी आणि बारा मिमीच्या पुढची दिसली की ऑक्टोबरात बाळ्या मोजायची तयारी ठेवायची.

सीसीसी हे वाढरोधक मारून जोर रोखणारे अजूनही आहेत. २०१० साली याच सीसीसीच्या अवशेषांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती आणि त्या हंगामात कित्येकांची घरं हलली. निर्यातीचा माल असेल तर त्या बाटलीकडे मी बघतही नाही.

मिठाचा इलाज सावकाश होतो. पावसाळ्यात बेडवर पाणी मुरून मीठ खाली जाईल अशी व्यवस्था, म्हणजे दोन ओळींमधले चर मोकळे आणि रानाबाहेर निचरा. माझा खालचा चर शेजारच्या बांधाने बुजला होता, तो उघडण्यावरून दोन महिने बोलणं बंद होतं, पण उघडला. माती तपासून, चुनखडी नसेल तर जिप्सम, चुनखडी असेल तर गंधक. चुनखडीच्या रानात जिप्समच्या गोण्या ओतणारे पाहतो तेव्हा जीव तुटतो, चुना तिथे आधीच पडलाय, तो मोकळा करायला गंधक लागतं. पालाश एका दमात न देता थोडा थोडा, ठिबकमधून, आणि सल्फेटचा. म्युरेट स्वस्त पडतं, पण त्यातला क्लोराइड आपल्याच पायावर धोंडा. मे महिन्यात जमेल तेवढं कालव्याचं पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळतो.

या सगळ्याने गेल्या दोन हंगामांत खालची साखर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सतरा ते सव्वासतराला येते. अठरा नाही. लोकल मार्केटला जाते, निर्यातीला क्वचित. बाळ्यांचं प्रमाण मात्र निम्म्यावरून फार खाली आलंय, आणि पैशाच्या हिशोबात साखरेपेक्षा तेच मोठं ठरलं.

नवी लागवड करणाऱ्यांना एवढंच सांगेन, खुंट निवडताना नर्सरीवाल्याला काय आहे ते विचारण्याआधी स्वतःच्या रानाची माती आणि मे महिन्यातलं पाणी तपासा. हलकी जमीन आणि पाण्याची ओढ असेल तर डॉगरिज अजूनही चांगला. भारी काळं रान, पाणी मुबलक असेल तर त्याच्यापेक्षा कमी अंगावर येणारा खुंट बघा. ११०आर हा बर्लँडिएरी आणि रूपेस्ट्रिस यांच्या संकरातला, ताण सोसणारा, आणि आपल्याकडे पर्याय म्हणून त्याचंच नाव आधी निघतं. चुनखडी जास्त असेल तर १४० रुगेरी विचारात घ्या. फ्रान्समध्ये सक्रिय चुन्याच्या हिशोबात ११०आरला १७ टक्क्यांपर्यंत आणि १४० रुगेरीला २० टक्क्यांपर्यंत धरतात. एसओ४ हा आणखी एक खुंट पालाश भरपूर ओढतो, मॅग्नेशियम मागे ठेवतो. वाईनच्या द्राक्षांत जास्त पालाश म्हणजे रसाचा सामू चढणं, तिथे गणित उलटं होतं. म्हणून नाशिकच्या वाईनवाल्या मित्राने सुचवलेला खुंट खायच्या द्राक्षाला डोळे झाकून लावू नका, आणि आपला त्याला सुचवू नका.

खालच्या रानातला अर्धा एकर मी काढून टाकला. तिथे ११०आरच्या काड्या लावल्या, सप्टेंबरात थॉमसनचं कलम भरलं. यंदा पहिली खरड छाटणी. जोडापासून खाली चार बोटं पांढरा ऑइलपेंट मारलाय प्रत्येक वेलीला. बेडला माती लावायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, पांढरा पट्टा झाकायला लागला की हात थांबवा आणि मला हाक मारा.